टीव्हीवरचा भोंगा

मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी, आपल्या वृत्तवाहिन्या बातम्यांच्या मागे उठसूट हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवत होत्या. १० मे रोजी केंद्राला १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याचा आधार घेऊन सांगावं लागलं, की जनजागृती सोडून हा आवाज वापरू नका. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून जुंपली. दादाचं म्हणणं, "वातावरण नको का तयार व्हायला? लोकांना गांभीर्य कळतं." मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

मी इस्रायलमध्ये अश्दोदला राहतो. गाझातून रॉकेट सुटलं की इथे भोंगा झाल्यावर ४५ सेकंदांत आसरा गाठायचा असतो. चढउताराचा भोंगा म्हणजे पळा. एकसुरी भोंगा स्मृतिदिनाचा. तेव्हा महामार्गावरच्या गाड्याही थांबतात आणि माणसं उतरून उभी राहतात. १९९१ च्या आखाती युद्धात तर रेडिओचं एक केंद्र मुद्दाम गप्प ठेवलं होतं. रेडिओ उशाशी चालू ठेवून लोक झोपायचे, धोका आला तरच तो बोलायचा.

खालच्या मजल्यावरच्या मावशी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मूळ अलिबागकडच्या. जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रं येत होती, तेव्हा मिक्सर लावायचा तर त्या मला हाक मारायच्या. "तू जरा कान दे रे, मी चटणी फिरवून घेते." मोटरसायकलने वेग घेतला तरी मिक्सर बंद, कारण भोंग्याची सुरुवात थेट तशीच होते.

इथून तीसएक किलोमीटरवर गाझा आहे. तिथे ना भोंगा, ना आमच्यासारखी काँक्रीटची सुरक्षित खोली. डोक्यावर ड्रोनची घरघर दिवसरात्र, तिला तिथले लोक 'झनाना' म्हणतात. बॉम्ब कधी पडणार, हे त्या आवाजावरून कळत नाही. आमच्या ४५ सेकंदांचं कौतुक सांगताना हे गाळता येत नाही.

मुंबईत एकेकाळी अख्खं गिरणगाव भोंग्यावर पाळी गाठायचं. आता पुढाऱ्याच्या ताफ्याला सायरन, मिरवणुकीत डीजेवर सायरन. ७ मे २०२५ रोजी 'ऑपरेशन अभ्यास' या नागरी संरक्षणाच्या सरावात भोंगे वाजले, तेव्हा दादाच्या ऑफिसात बऱ्याच जणांना ती ॲम्ब्युलन्स वाटली, हे त्यानेच सांगितलं. तरी वातावरणनिर्मिती हवीच!

माझं मत विचाराल तर नुसत्या सल्ल्यावर भागवू नये. खोटा भोंगा वाजवणाऱ्या वाहिनीला दंड व्हावा, युद्ध नसतानासुद्धा. दादा म्हणतो, "परदेशात बसून दंडाच्या गोष्टी करायला तुझं काय जातं?" खरं आहे, टीव्ही त्याच्या घरात आहे.