‘आडवाटेची सिसिली’ सहलीवरच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. तुम्हाला आणि वहिनींना त्रास झाला याबद्दल मनापासून दिलगीर आहे. जेवणाबद्दल आणि पालेर्मोच्या हॉटेलबद्दल चांगलं लिहिलंत, त्याचे आभार. पण ‘मोत्झिया बेटाला जेमतेम तास दिला आणि मिठागरावर दोन तास उन्हात उभं केलं, मीठच बघायचं तर उरणला गेलो असतो, ही शुद्ध फसवणूक आहे’ असं जे लिहिलंय, त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. आमची कंपनी म्हणजे मी, माझे मिस्टर आणि ऑफिसात एक मुलगी. तुमचं वाचून पुढच्या वर्षीसाठी नाव नोंदवलेल्या दोन कुटुंबांनी ‘पैसे परत मिळतील का’ म्हणून फोन केले.

मोत्झिया, म्हणजे इटलीतल्या सिसिलीच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं छोटं बेट. तिथे वेळ का कमी पडला हे तुम्हाला माहीत आहे. वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून सांगते. त्या दिवशी एरिचे या डोंगरावरच्या गावाहून आपली बस दहाला निघणार होती. आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज टाकला होता, नाश्त्याच्या वेळी पुन्हा सांगितलं होतं. दहाला सगळे वेशीपाशी बसमध्ये बसले होते. तुम्ही चौघे आलात अकराला पाच कमी असताना, हातात बदामाच्या मिठाईचे खोके घेऊन. ती मिठाई घ्यावी अशीच आहे, एरिचेच्या मठांतल्या जोगिणींनी ती परंपरा जपली, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं. खरेदीला माझी ना नव्हतीच. पण त्या तासभरात बाकीची मंडळी थांबली, त्यात पंच्याहत्तरीचे एक काका होते, आणि कुणी तुम्हाला एक शब्द बोललं नाही. बेटावरचा जो वेळ गेला, तो तिथे गेला.

तरीही बेटावर जे चुकवून चालणार नाही ते आधी दाखवलं. संग्रहालयातला तो संगमरवरी तरुण, 1979 साली उत्खननात सापडलेला. त्याचे हात तुटलेत, पण कमरेवर टेकवलेल्या हाताची बोटं तेवढी शिल्लक आहेत आणि ती झिरझिरीत चुण्यांच्या वस्त्रातून अंगात रुतलेली दिसतात. त्याच्यासमोर तुम्ही बराच वेळ उभे होतात, मी पाहिलंय. इ.स.पू. 397 मध्ये सिराक्यूज या ग्रीक नगरीचा हुकूमशहा डायोनिशियस याने हे फिनिशियन, म्हणजे प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं, शहर उद्ध्वस्त केलं आणि वाचलेले लोक समोरच्या किनाऱ्यावर, आजच्या मार्सालाला जाऊन वसले, ही हकीकतही तिथेच सांगितली. राहिलं ते उत्तरेचं जुनं दफनस्थान आणि दक्षिणेचं कुंड. बेट लहान असलं तरी ही दोन टोकं पायीच गाठावी लागतात, तेवढा वेळ उरला नव्हता.

‘मग मिठागर रद्द करायचं होतं’ असंही तुम्ही लिहिलंय. तिथला माहिती देणारा माणूस दुपारी तीनसाठी ठरलेला होता, त्याचे पैसे दिलेले होते, आणि बाकीच्यांना ते बघायचं होतं. शिवाय दोन तास उन्हात कुणालाही उभं केलेलं नाही. पवनचक्कीच्या आत सावली होती, बाकीचे तिथेच बसून ऐकत होते. तुम्ही बसमधून उतरला नाहीत, हा तुमचा निर्णय होता.

आणि उरणबद्दल. मी आगरी आहे, सर. माझे आजोबा उरणच्या मिठागरात राबले, वडिलांचं लहानपण त्याच बांधांवर गेलं. उरणची मिठागरं जरूर बघा, मी स्वतः घेऊन जाईन. त्रापानी-मार्सालाचं मिठागर मी सहलीत घातलं ते माणसं तिथेही समुद्राचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात सोडत, उन्हावर आटवत मीठ पिकवतात म्हणून. पूर्वी हे पाणी पवनचक्क्या ओढायच्या. पाणी आटत जाईल तशी खाचरं गुलाबी होतात, आणि पावसाच्या आधी मिठाच्या राशींवर भाजक्या मातीची कौलं रचतात. सप्टेंबरात मिठाची काढणी चालू असते, म्हणून तर तारखा तशा ठेवल्या. माझ्यासाठी हे मिठागर नुसता वेळ भरून काढायला घातलेलं ठिकाण नाही.

तावोर्मिना नव्हतं ही तुमची तक्रार मला समजते, ते गाव सुंदर आहे. पण कार्यक्रमपत्रिकेत ते कुठेच नव्हतं, आणि पैसे भरण्याआधी फोनवर मी दोनदा तसं सांगितलं होतं. तावोर्मिना सगळेच दाखवतात. आम्ही सेजेस्ताचं अर्धवट राहिलेलं मंदिर, पियाझ्झा आर्मेरिनाच्या रोमन वाड्यातली मोझेकची जमीन आणि काल्ताजिरोनेचा 142 पायऱ्यांचा जिना दाखवतो. दर पायरीच्या दर्शनी बाजूला वेगळ्या नक्षीच्या फरशा आहेत, वहिनींनी तिथे काढलेले फोटो अजून ग्रुपवर आहेत. दुपारी दुकानं बंद असणं ही तिथली रोजची रीत आहे, त्यावर आमचा इलाज नाही.

पुढच्या सहलीपासून उन्हाच्या वेळांचा विचार करू, मोत्झियाला जास्त वेळ कसा देता येईल तेही बघू. तुम्ही तारा एकच ठेवलात तरी माझी हरकत नाही. पण फसवणुकीचा आरोप तेवढा काढा, एवढी विनंती आहे. छापील कार्यक्रमपत्रिका आणि त्या दिवशीचे ग्रुपवरचे मेसेज ऑफिसात आहेत. केव्हाही या, समोर बसून बघू.