होमली मुलगी पाहिजे

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा एक स्थळ आलं, मुलाकडच्यांना 'होमली' मुलगी हवी होती. झालं, अमेरिकेतली मंडळी तुटून पडली की अरे होमली म्हणजे दिसायला यथातथा, आणि पुण्याहून उत्तर आलं की तुमचं इंग्लिश तुमच्याकडेच ठेवा, इथे होमली म्हणजे घरात रमणारी. मी न्यू जर्सीत राहते, आणि मला तर दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताहेत असं वाटलं.

इथे कुणाला तोंडावर होमली म्हणालात तर अपमानच, अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकनच्या रूपाबद्दल त्याच्या काळातले लोक हाच शब्द वापरायचे. आता तसा तो जुनाट झालाय. ब्रिटनमध्ये मात्र एखादं छोटं हॉटेल होमली असलं की लोक खुश, म्हणजे घरगुती, उबदार. आपला अर्थ त्याच्याच शेजारचा आहे, मग त्यात इतकं हसण्यासारखं काय?

आणि 'दिसायला यथातथा' आणि 'घरात रमणारी' या दोन अर्थांची गाठ तर इंग्लंडमध्येच कधीची मारून झालीय. इंग्रज कवी मिल्टनच्या 'कोमस' या काव्यनाट्यात (१६३४ सालचं) तो मायावी कोमस नायिकेला पटवताना म्हणतो की होमली चेहऱ्यांनी घरात बसावं, हे नावच त्यांना त्यामुळे पडलंय, सौंदर्याने दरबारात मिरवावं. व्हिलनच्या तोंडी आहे बरं का हे! पण दोन्हीकडे बाईनं कुठे असावं ते ठरवणारा दुसराच कोणीतरी.

आपल्या जाहिरातींत पूर्वी 'गृहकृत्यदक्ष' असायचं, मागणी निदान सरळ कळायची. आता 'फॅमिली ओरिएंटेड' लिहितात, आणि ते लिहिणाऱ्यांत इथले हसणारेच जास्त. त्यात एच-फोर व्हिसा, म्हणजे इथे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या बायकोला मिळणारा. इंजिनिअर मुलगी नवऱ्यामागे इकडे येते आणि कायद्यानेच घरी बसते, २०१५ पर्यंत तर एच-फोरवर नोकरीची परवानगीच नव्हती, आता वर्क परमिट मिळतं पण नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम ठराविक टप्प्याला पोचलं असेल तरच. या मुलींना जाहिरातीत कुणी होमली म्हटलं नव्हतं, उलट 'उच्चशिक्षित, नोकरी करणारी' असंच मागितलं होतं. तेव्हा स्थळ बघताना मुलीकडच्यांनी इंग्लिश तपासत बसण्यापेक्षा व्हिसा कुठला आणि वर्क परमिट कधी मिळणार हे आधी विचारावं, आणि पुण्यातच राहणार असतील तर सकाळचा डबा कोण करणार ते.