आमच्या चर्चची किल्ली

मिरजेला माझ्याबरोबर नर्सिंगला असलेल्या मैत्रिणीचा मागच्या महिन्यात मेसेज आला. तिच्या गावाजवळ कुणाच्या तरी घरी प्रार्थना चालली होती ती लोकांनी जाऊन बंद पाडली, त्याचा व्हिडिओ आणि खाली एक ओळ, राग मानू नकोस गं, पण खरंच पैसे देतात का तुमच्यात धर्म बदलायला? राग नाही आला मला. होस्टेलला एका ताटात जेवलोय आम्ही, म्हणून तिने तोंडावर विचारलं तरी, बाकीचे मनात ठेवून लांबून बघतात. मी चौदा वर्षं झाली इंग्लंडमध्ये आहे, नाइट ड्यूटी संपवून घरी आले आणि तिला उत्तर लिहायला बसले, ते इतकं लांबत गेलं की म्हटलं सगळ्यांनाच सांगावं.

आमचं गाव नगरकडचं. (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून तोंडाला लागलेली नाही.) आमच्या पणजोबांचा बाप्तिस्मा झाला तो छप्पन्नच्या दुष्काळानंतर, म्हणजे शके नाही, संवत 1956, इंग्रजी 1899-1900. त्या दुष्काळात अमेरिकन मिशनने धान्य वाटलं, अनाथ पोरं ठेवून घेतली आणि त्यातून आमच्या भागात बरेच लोक ख्रिस्ती झाले, हे मी कशाला लपवू? पोटाचा त्यात हात होताच. पण पाऊस पडला, पिकं आली, तरी माघारी कोण गेलं? आजी बायबलबाई होती, वाड्यावाड्याने फिरून गोष्टी सांगायची आणि पोरीबाळींना अक्षरओळख करून द्यायची, ती म्हणायची की पणजोबा धान्याचं कधी सांगायचेच नाहीत, ते सतरंजीचं सांगायचे. उपासनेला पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, त्यांना आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं. मांगवाड्यातल्या माणसाला. त्याच सतरंजीवर. पन्नास वर्षांनी सांगताना पण त्यांचा हात खाली जमिनीवरून फिरायचा म्हणे.

आणि आजचं विचारशील तर आज आमच्यातल्या माणसाला ख्रिस्ती होऊन मिळतं काय, जातं काय ते कागदावरच आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याची सवलत जाते, 1956 ला शिखांना आणि 1990 ला बौद्धांना त्यात घेतलं, आम्ही अजून बाहेरच. म्हणजे पोराची फी, होस्टेल, नोकरीतली जागा यातली अनुसूचित जातीची सवलत सोडून माणूस येतो, त्याला आमिष म्हणायचं तर ते उलटं आमिष झालं. जबरदस्तीने किंवा पैसे चारून कुणाला बाप्तिस्मा देणं हे पाप आहे, असं कुणी करत असेल तर त्याला धरावं, मी स्वतः सांगते. पण ओडिशात 1967 पासून, मध्य प्रदेशात 1968 पासून कायदा आहे, सुप्रीम कोर्टाने 1977 ला सांगून झालं की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे, तरी चाळीस-पन्नास वर्षं वाद तिथंच, किती डोकी इकडून तिकडे गेली. चर्च करतं काय हे कुणी विचारत नाही.

मी इथे ज्या चर्चला जाते ते दगडी, उंच शिखराचं, तीनशे माणूस बसेल एवढं, आणि रविवारी आम्ही तीसेक जण, त्यात निम्मे सत्तरीच्या पुढचे. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आले, 46.2 टक्के, दहा वर्षांपूर्वी 59.3 होते. ज्या देशांनी आमच्याकडे मिशनरी धाडले त्यांची ही गत. आमचे पाळक नायजेरियाचे आहेत, दुपारी त्याच इमारतीत मल्याळी मंडळीची उपासना असते, तेव्हा कुठे गाणं छताला भिडतं. आता इकडच्यांना सुवार्ता सांगायला तिकडचे येतात. आणि 2025 ला कँटरबरीच्या आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सगळ्यात वरच्या धर्मगुरू, म्हणून पहिल्यांदा बाई नेमली, सारा मुलाली, त्या मूळच्या कॅन्सर वॉर्डच्या नर्स. आमच्या वॉर्डात त्या दिवशी चर्चचं तोंड न बघणाऱ्या पोरी पण खूश होत्या.

पण मला जे सांगायचंय ते गुरुवारचं आहे. गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये फूड बँक असते. असल्या फूड बँकांचं मोठं जाळं या देशात आहे, ते सॉल्झबरीच्या एका ख्रिस्ती जोडप्याने सुरू केलं आणि आज कित्येक ठिकाणी हे काम चर्चच्याच हॉलमधून चालतं. डॉक्टरने नाहीतर सल्ला केंद्राने चिठ्ठी दिलेली असते, ती बघून तीन दिवसांचा शिधा द्यायचा, पास्ता, बीन्सचे डबे, टिकाऊ दूध, चहा. सुट्टी असली की मी डबे भरायला जाते. पहिल्याच हिवाळ्यात एक माणूस आला, पन्नाशीचा, गोरा, दाढी नीट केलेली, शर्ट इस्त्रीचा. मी पिशवी भरायला लागले तर हळू आवाजात म्हणाला, शिजवावं लागणार नाही असं काही आहे का? मला पटकन कळलं नाही. मीटरमध्ये पैसे टाकायला नव्हते त्याच्याकडे, घरात वीजच नव्हती. मग पास्ता काढून घेतला, झाकण हाताने उघडणारे मासळीचे डबे, बिस्किटं, फळांचे डबे घातले. पिशवी त्याच्या हातात देताना माझ्या डोळ्यापुढे पणजोबा आले, मला आत जाऊन डोळे पुसावे लागले. त्याला कुणी धर्म विचारला नाही. प्रार्थना करू का असं सुद्धा त्याने विषय काढल्याशिवाय कुणी म्हणणार नाही, आणि ते बरोबरच आहे, भुकेल्या माणसापुढे अट ठेवायची नसते.

हॉलच्या एका बाजूला चहाचं टेबल आहे, आमच्या पाळकांनी आल्या आल्या एकच नियम केला की वाटणारे आणि घेणारे एकाच टेबलाला बसणार. 1910 साली एडिनबरोला जगातले मिशनरी जमले होते, तिथे आपल्या दक्षिणेतले पाळक अझरय्या उठून म्हणाले होते की तुम्ही गरिबांना सगळं दिलंत, जीव पण दिलात, आम्हाला मित्र द्या. हे मी पुस्तकात वाचलं होतं, समजलं त्या टेबलाला बसल्यावर. पणजोबांची सतरंजी तीच की.

इथल्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. हे लोक प्रभु येशूचं नाव घ्यायला लाजतात, अगदी आपल्या नातवंडांपुढे सुद्धा. एवढं सगळं करायचं आणि का करतो ते सांगायचं नाही, मग पुढच्या पिढीने ते करायचं कशासाठी? आमच्याकडे घाबरून गप्प बसतात, इथे संकोचाने.

आणि आता आपल्या मंडळीचं. आपल्याला कुणी काही बोललं की आपण लगेच यादी काढतो, मिरजेचं वानलेसांचं हॉस्पिटल, नगरला सिंथिया फेरारबाईंची मुलींची शाळा, केडगावला पंडिता रमाबाईंचं विधवा-अनाथांसाठीचं मुक्ती मिशन. सगळं खरं, मला पण अभिमान आहे. पण यातलं सगळ्यात अलीकडचं कामसुद्धा सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झालंय! आपण काय केलं? कंपाउंडच्या जागेवरून कोर्टात तारखा, कमिटीच्या निवडणुकीत दोन पार्ट्या, पाळकसाहेबांचा पगार थकलेला. नारायण वामन टिळकांनी 1917 ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या सगळ्यांसाठी, त्यांना मिशनऱ्यांच्या पैशावर उभी नसलेली आपली मंडळी हवी होती. आपण त्यांची भजनं म्हणतो नाताळाला, इथे पण आम्ही पाच-सहा मराठी घरं जमून पेटीवर म्हणतो, पण ते पाऊल काही उचललं नाही.

मैत्रिणीला मी शेवटी लिहिलं की पैसे कुणी देत नाही गं, आमच्या गावच्या चर्चकडे पत्रे बदलायला पैसे नाहीत. तोच मेसेज मी माझ्या चुलतभावाला पण पाठवला, तो गावच्या कमिटीत आहे, त्याला मात्र पुढे दोन ओळी जास्त लिहिल्या. दादा, दिवाळी झाली की आपल्या चर्चसमोरच्या मोकळ्या रानात बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, कोप्या पडतात. आईबाप अंधारात कोयता घेऊन फडात जातात आणि लेकरं धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर तिथंच, मार्चपर्यंत शाळा नाही. आणि आपला हॉल रविवार ते रविवार कुलपात. दोन तास शिकवायला तुझी वहिनी आहे, डीएड झालेली घरात बसलीय, खाऊचे आणि पाटी-वह्यांचे मी पाठवते. आधी मुकादमाला आणि आईबापांना विचार, बायबल-बिब्बल काही वाटायचं नाही, त्यांनी विचारलं तर कोण आहोत ते सरळ सांगायचं. किल्ली पाळकसाहेबांच्या घरी खिळ्याला असते. सतरंज्या आत कपाटात आहेत, उन्हात टाकायला लागतील.