चोर सोडून गुडघ्याला फाशी

पन्नास स्क्वॉट (म्हणजे उठाबशाच) एकदम मारायची काहीच गरज नव्हती, हे आता कळतंय. पण व्हिडिओतला तो पोरगा "अजून दहा, अजून दहा" करत राहिला आणि पंधरा वर्षं खुर्चीत बसून काढलेला मी त्याच्या नादी लागलो. वर अंगात आलं म्हणून लंजेस केले (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जायचं ते), उड्या पण मारल्या. वॉर्मअप म्हणाल तर पंखा लावायला उठलो होतो तेवढाच.

दुसऱ्या दिवशी जिना कसाबसा चढलो, पण खरी मजा उतरताना! गुडघ्याच्या वाटीच्या मागे खडा अडकल्यासारखं व्हायला लागलं, मग काय, कठडा धरून खेकड्यासारखा आडवा आडवा उतरलो, तर मागून एक चिमुरडा विचारतो, "काका, तुम्हाला उतरता येत नाही का?" आणि कमोडवर बसायचं तर आधी भिंत, मग बादली, मग देव, या क्रमाने आधार.

शेवटी फिजिओ मॅडमकडे गेलो. म्हणाल्या, एक स्क्वॉट करून दाखवा. मी खाली गेलो नि माझे दोन्ही गुडघे आत वळून एकमेकांची गळाभेट घ्यायला निघाले. मॅडम म्हणाल्या, "मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू झोपलेत, त्यांचं काम गुडघा करतोय, दुखणार नाही तर काय!" म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यात गुडघ्यातल्या कूर्चेला (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो म्हणे, त्यामुळे ती सगळं सावकाश घेते, आपल्या उत्साहाशी तिला देणंघेणं नाही.

गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही हा नियम मी फार निष्ठेने पाळला होता हो, पार्श्वभाग मागे काढून काढून कंबर पण धरली. तर कळलं की ती काही लक्ष्मणरेषा नाही, थोडा पुढे गेला तर चालतो, उलट जबरदस्तीने अडवला तर भार कंबरेवर जातो. गुडघे आत पडू द्यायचे नाहीत, झेपेल तेवढंच खाली जायचं आणि वाढवायचं ते हळूहळू, हे जास्त महत्त्वाचं.

"मॅडम, कटकट वाजतो पण."
"वाजताना दुखतो का?"
"नाही."
"मग वाजू दे."

सूज आली, गुडघा मध्येच अडकला किंवा चालता चालता दगा द्यायला लागला तर मात्र सरळ डॉक्टर गाठायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं. (माझा चेहराच तसा असावा.)

सध्या उड्या बंद, लंज करायचाच तर पाय पुढे न टाकता मागे टाकून, तो गुडघ्याला जरा सोपा जातो. शिवाय पाठीवर झोपून एक पाय सरळ उचलायचा, मग ब्रिज (झोपल्या झोपल्या गुडघे वाकवून कंबर वर उचलायची), आणि मुख्य व्यायाम म्हणजे खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, दहा वेळा. त्यातला बसायचा भाग माझा पंधरा वर्षांपासून पक्का आहे, उठायचंच तेवढं शिकतोय.