डायोरामासाठी खरी माती: एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

डायोरामा म्हणजे छोट्या प्रमाणातल्या मॉडेलांनी मांडलेला त्रिमितीय देखावा. तो करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत एकमेकांना दिला जातो. जमिनीसाठी विकतचे साहित्य घेण्याची गरज नाही. बाहेरची माती आणावी, चहाच्या गाळणीने चाळावी, ओव्हनमध्ये भाजावी आणि गोंदावर भुरभुरावी. माती खरीच असल्यामुळे ती खरी दिसणारच, तिला रंग द्यावा लागत नाही आणि भाजल्यावर ती कायमची टिकते, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. खर्चाचा मुद्दा सोडला, तर यातले एकही विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

‘माती खरी म्हणून जमीन खरी’ हे मूळ गृहीतकच आधी तपासू. माती खरी असते, पण ती १:१ प्रमाणातली, म्हणजे मूळ आकाराचीच असते. १:३५ प्रमाणात, म्हणजे ३५ पट लहान केल्यावर, पावणेसहा फुटी सैनिक जेमतेम ५ सेंटिमीटरचा होतो आणि त्याचा ३० सेंटिमीटर लांबीचा बूट साडेआठ मिलिमीटरचा. त्या बुटाशेजारी १ मिलिमीटरचा कण पडला, तर तो साडेतीन सेंटिमीटरचा खडा ठरतो. १:७२ मध्ये तोच कण ७ सेंटिमीटरचा, म्हणजे मुठीएवढा धोंडा होतो. माझ्या पहिल्या १:७२ डायोरामात गाडीवाटेवर मी अशीच गाळणीने चाळलेली माती पसरली होती, आणि पाहणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो ट्रक नदीपात्रात का उतरवला आहे, असा.

अर्थात हिशेब काटेकोरपणे करायचा म्हटले, तर कोणतेच साहित्य त्यात बसत नाही. गाळाचा ०.०६ मिलिमीटरचा कणसुद्धा १:७२ मध्ये ४ मिलिमीटरहून मोठा भरतो. त्यामुळे कसोटी गणिताची नसून डोळ्याची आहे: बुटाजवळ किंवा चाकाजवळ सुटा कण वेगळा ओळखू येता कामा नये. त्यासाठी माती वस्त्रगाळ करावी लागते. जुन्या नायलॉन मोज्यातून गाळली, तर चालते. टाइल ग्राउटची, म्हणजे फरश्यांमधल्या फटी भरण्याची, वाळू नसलेली पावडर मुळातच इतकी बारीक असते, म्हणून अनेक मॉडेलकार तीच पसंत करतात. मोठे खडे हवेच असतील, तर ते नंतर चिमट्याने, मोजके आणि जागा ठरवून बसवावेत. खऱ्या रस्त्यावरही ते कडेला आणि चाकोऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात साठतात, सर्वत्र सारखे पसरत नाहीत.

रंगाबद्दलचा दावा तर पहिल्याच प्रयोगात कोसळतो. कोरडी माती फिकट दिसते, कारण कणांमधल्या हवेमुळे प्रकाश जास्त विखुरतो. पाणी पडले की त्या पोकळ्या भरतात आणि माती गडद होते. पांढरा गोंद वाळल्यावर पारदर्शक होतो हे खरे, पण त्याने भरलेल्या पोकळ्या भरलेल्याच राहतात. परिणामी वाटीत सुंदर तांबूस दिसणारी माती डायोरामाच्या तळावर कायमची ओलसर दिसते आणि जिथे गोंद साचला असेल, तिथे चकाकतेही. शिवाय दिव्याच्या उजेडातली वीतभर जमीन उघड्या आकाशाखालच्या शेतापेक्षा काळवंडलेली भासते, म्हणून छटा मुद्दाम उजळ ठेवावी लागते. तेव्हा माती पोतापुरती वापरावी आणि रंग रंगाकडूनच घ्यावा: खाली गडद तपकिरी थर, उंचवट्यांवर जवळपास कोरड्या ब्रशने फिकट छटा, चाकोरीच्या तळाशी ओलीचा गडदपणा आणि शेवटी कोरडी पिगमेंट पावडर, म्हणजे रंगद्रव्याची पूड. हीच पावडर रणगाड्याच्या पट्ट्यांना आणि बुटांच्या तळांनाही लावावी. पट्ट्यांवरचा चिखल एका रंगाचा आणि खालची जमीन दुसऱ्या रंगाची असली, की वाहन जमिनीवर उभे न दिसता वरून ठेवल्यासारखे दिसते, आणि ही चूक माझ्या मते कणाच्या आकाराच्या चुकीपेक्षाही जास्त खटकते.

भाजण्याबद्दल थोडक्यात. उष्णतेने किडे आणि बुरशी मरतात, एवढाच त्याचा उपयोग. समुद्राच्या वाळूतले मीठ भाजून जात नाही, ते गोड्या पाण्याने धुवावे लागते. चिकणमाती ओली करून जाड थरात लिंपली, तर वाळताना ती आकसते आणि भेगाळते; आटलेले तळे दाखवायचे नसेल, तर त्या भेगा निरुपयोगी असतात. मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर तर मातीतले लोहकण इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला चिकटू शकतात, म्हणून तिथे वापरण्याआधी मातीतून चुंबक फिरवणे आवश्यक असते.

‘विकतचे साहित्य म्हणजे लूट’ हा सूर मात्र मी पूर्णपणे खोडून काढणार नाही. जमिनीचा पोत देणाऱ्या विकतच्या अॅक्रिलिक पेस्टचे काम प्लास्टर, लाकडाची पुट्टी किंवा कागदाचा लगदा बऱ्याचदा तितकेच चांगले करतात. आणि एका बाबतीत निसर्गाला पर्याय नाही: वाळलेली बारीक मुळे. उन्मळलेल्या झाडाच्या बुंध्याशी ती लावली, तर १:३५ मध्येही त्यांचे फाटे प्रमाणात दिसतात, कारण मुळाचा फाटा जाड असो वा बारीक, त्याची ठेवण तीच राहते. मातीच्या कणाचे तसे होत नाही.