खुलासा: थडग्यावर खडू घासू नका

‘शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या जुन्या थडग्यांवरची पुसट अक्षरं वाचायला खडू किंवा पीठ चोळा’ असा मेसेज फिरतोय. कृपया तसं करू नका. खडूची भुकटी दगडाच्या छिद्रांत अडकते, पिठाला मुंबईच्या दमट हवेत बुरशी येते. लिंबू-व्हिनेगर तर संगमरवर सरळ खातं. टॉर्च दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका आणि समोरून फोटो घ्या. खाचांत सावली पडून अक्षरं उठतात. उन्हात आरसा पुरतो.

‘वयाच्या ३४व्या वर्षात’ असं कोरलं असेल तर पूर्ण वय ३३ धरा. जन्मसालाचा घोळ नेमका इथेच होतो. मग नाव-तारीख घेऊन दफनाची नोंदवही बघा. त्या आठवड्याची वर्तमानपत्रंही चाळा, मृत्युवार्तेत कधी व्यवसायही सापडतो.