सावकाराच्या बोटाचा पंचनामा

काल आमच्या कथाकथन मंडळात माझी पाळी होती. घसा अजून बसलेला आहे आणि डोकं अजून उठलेलं.

गोष्ट अस्सल होती. कोकणातलं गाव, कोसळता पाऊस, सावकार मेलेला. अंगठी निघेना म्हणून थोरल्यानं अडकित्त्यानं बोटच उडवलं. मध्यरात्री स्मशानात सरणावर प्रेत उठून बसतं, चार बोटांचा हात पुढे करतं आणि...

"एक मिनिट. दाखला कोणी दिला?"

मागच्या रांगेतले अण्णा. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून निवृत्त झालेले. म्हणजे विभागानं यांना सोडलं, यांनी विभागाला नाही.

"कसला दाखला?"

"मृत्यूच्या कारणाचा. घरी मेला ना? मग नमुना चार-अ. सही करताना डॉक्टरला बोट नाही हे दिसलं नाही?"

"अण्णा, गोष्ट आहे हो ही."

"गोष्टच आहे ना, मग नीट सांगा. बोट तोडलेलं प्रेत म्हणजे आधी पोलीस, मग पंचनामा. परस्पर जाळलंच कसं? आणि नोंद? 21 दिवसांत केली तर ठीक. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो, सांगून ठेवतो."

मी आवाज आणखी खोल नेला आणि म्हटलं, हे सगळं 1940 सालचं आहे.

"मग तसं आधी सांगायचं! कायदा 1969 चा. तुमच्या सावकाराला कोतवाल बुक. गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी वही. गाव नमुना 14." हे त्यांनी डोळे मिटून, स्तोत्र म्हणावं तसं म्हटलं.

विक्रमाची एक बरी सोय होती. त्यानं तोंड उघडलं की वेताळ प्रेतासकट झाडावर परत जायचा. इथे ऐकणारा तोंड उघडतो आणि सांगणाऱ्याला सतरंजीवर बसून राहावं लागतं. मिरासदार, शंकर पाटील, माडगूळकर गावोगाव कथा सांगत हिंडले, माणसं मैदानं भरून ऐकायची. त्यांच्या कथेतल्या पाटलाचा सातबारा कोणी मागितला असेल असं वाटत नाही.

तरी मी नेट धरला. प्रेत पुन्हा उठवलं.

"उठून नाही बसत," अण्णा म्हणाले. या वेळी आवाज जरा खाली आणून. "आचेनं स्नायू आखडतात. कोपरं वाकतात, मुठी वळतात, हात असे छातीसमोर येतात." त्यांनी करून दाखवलं. "मग बांबूनं खाली दाबावं लागतं. एकदा दाबला की पुन्हा येतो. मी पाहिलंय ना."

हॉलमध्ये चिडीचूप. पंख्याची कुरकुर तेवढी. कोणीतरी "अगंबाई!" म्हणालं. ती "अगंबाई" माझी होती! आरशासमोर उभा राहून, घरच्यांची बोलणी खाऊन मी तिची तयारी केली होती आणि हा माणूस बसल्या जागी ती घेऊन गेला.

त्यानंतर कोणाला सावकार आठवतोय! दुसऱ्या रांगेतल्या काकूंनी विचारलं, "अण्णा, आमच्या पणजोबांची कुणबी नोंद त्या कोतवाल बुकात मिळेल का हो?" एकाच्या सासूबाईंच्या दाखल्यावर नावात वेलांटी चुकलेली, बँक पैसे सोडेना. खुर्च्या फिरल्या. माझ्याकडे पाठी. वड्यांची परातही तिकडेच गेली.

खरं सांगतो, वड्याचं दुःख नाही. पण भीती वाटायला चार माणसांनी पाच मिनिटं एका अंधारात गप्प बसावं लागतं, आणि तेवढंही आता आपल्याला जमत नाही. प्रत्येकाला काहीतरी ठाऊक असतं आणि ते लगेच सांगायचंही असतं. थोरल्याचं पुढे काय झालं हे एकानंही विचारलं नाही. वर्गणी भरून येतात ही माणसं!

निघताना अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवला. पुढच्या महिन्यात अण्णांचं व्याख्यान ठरलंय, 'मृत्यूनोंदणी : शंका आणि समाधान'.

"प्रास्ताविक तुम्हीच करा," म्हणाले. "विषयात तुम्ही आहातच."